खुंटीवरचा बाप

आमचे हे, म्हणजे माझे मालक, बोरिंगच्या गाडीवर कामाला गेले तेव्हा पोरगं नुकतं मान धरायला लागलं होतं. खांद्यावर घेतलं की डोकं सावरून इकडंतिकडं बघायचं, मध्येच दमायचं आणि टपकन माझ्या गळ्यात तोंड खुपसायचं. जायच्या दिवशी ह्यांनी अंगातला निळा सदरा काढून खुंटीला अडकवला, गाडीवरचे खाकी कपडे चढवले आणि म्हणाले, "तेवढा सदरा धुऊन ठेव. आल्यावर लागंल." मी तो धुतला नाही. आज धुऊ, उद्या धुऊ करत राहून गेला आणि मग धुवावासा वाटेना. डिझेलचा, घामाचा, तंबाखूचा असा त्याला एक वास होता.

आम्ही तेव्हा सोनईत राहत होतो. बाजारपेठेच्या मागच्या बोळात एक खोली, पुढं बसण्यापुरता ओटा. हे तिथंच एका दुकानात शेतावरची पाण्याची इंजिनं दुरुस्त करायचे. बहात्तरचा दुष्काळ पडला आणि विहिरी आटल्या. विहिरीत पाणीच नाही तर इंजिन कोण दुरुस्तीला आणतंय? दुकान बंद पडलं. त्याच सुमाराला जमिनीत भोक पाडून पाणी काढणाऱ्या मोठ्या गाड्या गावोगाव फिरायला लागल्या होत्या. त्या गाड्यांचं इंजिन सांभाळायला माणूस पाहिजे होता, हे गेले. आज ह्या गावात तर उद्या त्या. पत्ता काय देणार? गाडी उभी राहील तो पत्ता.

मला बरेच जण विचारायचे, सासरी का गेली नाहीस म्हणून. सासर पाथर्डीच्या पलीकडं. तिथं प्यायच्या पाण्याचे हाल, सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, थोरल्या जावेचं घर तिच्या पोराबाळांनी भरलेलं. त्यात मी कुठं जाऊन पडू? माहेर सुप्याच्या माळावर. आता तिथं कारखाने झालेत म्हणतात, तेव्हा बाभळी आणि कुसळं. बाळंतपण करून आई आधीच थकली होती, पुन्हा तिच्या दारात जाऊन बसायला जिवावर आलं. म्हणून सोनईतच राहिले, मी आणि तान्हं पोर.

मी मुळातली बोलकी. विहिरीवर गेले तरी घागर भरेपर्यंत दोघीतिघींशी बोलून व्हायचं. पण तान्हं पोर घरात असलं की बाईचं बाहेर जाणं संपतं, आणि ते साल तर असं होतं की ज्याला त्याला आपल्या पाण्याचं आणि दाण्याचं पडलेलं. कुणी बसायला येईना. दुपारी आमचा बोळ इतका सामसूम व्हायचा की माझ्याच बांगड्या वाजल्या तरी मी दचकायची. संध्याकाळी बोलायला तोंड उघडलं की आवाज घोगरा यायचा. दिवसभर वापरलाच नाही तर काय होणार!

पोरगं मात्र रोज नवं काहीतरी काढायचं. आधी स्वतःची मूठ सापडली त्याला. डोळ्यांपुढं धरून असं न्याहाळायचा, जणू बाजारातून आणलेली वस्तू आहे. मग पाय सापडले. पायाचा अंगठा धरायचा, सुटायचा, पुन्हा धरायचा, आणि एकदा तो तोंडात गेला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी पुढं मोठ्या माणसांच्या तोंडावरही क्वचित बघितलं. हसायला लागला तर कशावर हसेल नेम नाही. मी शिंकले की हसायचा. सुपात धान्य पाखडलं की त्या आवाजाला हसायचा. कावळा ओरडला की गप्प होऊन माझ्याकडं बघायचा, की हे कोण बोललं?

आणि एका दुपारी तो पालथा पडला.

मी भाकरी करत होते. पोर गोधडीवर होतं. बरेच दिवस त्याची खटपट चालली होती, अंग वळायचं आणि हात अडकून तसाच रडायचा. त्या दिवशी रडणं आलं नाही म्हणून मी वळून बघितलं, तर स्वारी पोटावर, मान वर, आणि चेहऱ्यावर असं आश्चर्य की बस. हात अंगाखालून मोकळासुद्धा झालेला. मी पिठाच्या हातानं ओट्यावर पळाले. "अगं बाई, पालथा पडला गं, पालथा पडला!" असं मोठ्यानं म्हणालेसुद्धा. बोळात कोणी नव्हतं. समोरच्या भिंतीच्या सावलीत एक कुत्रं झोपलेलं होतं, त्यानं एक डोळा उघडला आणि मिटला. माझ्या माहेरी पोर पालथं पडलं की शेजारच्या चार घरांत गुळाचा खडा जायचा, बायका यायच्या, पुन्हा एकदा पाड म्हणायच्या, पोराला उताणं करून खेळ बघत बसायच्या. मी तशीच उभी राहिले, हाताचं पीठ वाळून ताणायला लागलं. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा आत आले.

आत खुंटीवर सदरा होता. मी त्यालाच म्हणाले, "बघितलं का? तुमचं पोरगं पालथं पडलं."

हसू नका. चार भिंतींत राहिलेल्या बाईला विचारा. मग ती सवयच लागली. पोरानं काही केलं की मी सदऱ्याला सांगायची. "आज ओठांनी फुर्र केलं बरं का, सगळं तोंड थुंकीनं भरवलं." "आज खालच्या हिरडीला काहीतरी टोचतंय." सदरा ऐकून घ्यायचा. वारा आला तर बाही हलायची तेवढीच.

शेजारी एक मुसलमान बाई राहायच्या, वयानं माझ्या आईएवढ्या. आम्ही सगळ्याच त्यांना चाची म्हणायचो. मधली भिंत एकच. त्यांचा नवरा जत्रांतून बांगड्या विकत फिरायचा, त्यामुळं एकटं राहण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. जीभ मात्र तिखट. एकदा त्या मीठ मागायला आल्या आणि मी सदऱ्याशी बोलताना त्यांनी ऐकलं.

"कुणाशी बोलती गं? घरात पाव्हणा हाय व्हय?"

मी लाजून म्हणाले, "न्हाई चाची, पोराला बाप दाखवत हुते."

"ह्यो बाप? मग त्याला एकदा पाणी दाव गं पोरी, लई वास मारतोय तुझा नवरा!" आणि खळखळून हसल्या. हसता हसता दारातच टेकल्या आणि पोराला मांडीवर ओढून म्हणाल्या, "मस्करी राहू दे. पर बाप इसरू देऊ नको पोराला. माझ्या थोरल्याचं काय झालं ठावं हाय का? त्याचा बाप जत्रा करून आठ महिन्यांनी आला. पोरगं दारात खेळत हुतं, आत पळत आलं आन म्हणतं कसं, आम्मा, पाव्हणा आलाय, च्या ठेव. त्यो माणूस तिथंच बोचकं घेऊन उभा. मी हसले, त्यो न्हाई हसला. अजून त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं पाव्हण्यावानीच हाय बघ."

त्या मीठ घेऊन गेल्या. मी मात्र हातातलं काम सोडून बसून राहिले.

कारण ते मी स्वतः भोगलेलं होतं. माझा बाप रस्त्याच्या कामावर असायचा. खडी फोडणाऱ्या टोळीबरोबर पावसाळा संपला की जायचा तो पुढच्या पावसाळ्यालाच घरी. तो आला की मी धान्याच्या कणगीमागं लपायची. तो बत्तासे आणायचा, कणगीच्या तोंडाशी ठेवायचा आणि लांब जाऊन बसायचा, मी बाहेर येईन म्हणून. मी हात काढून बत्तासे घ्यायची आणि पुन्हा आत. त्याच्या मांडीवर मी कधी बसले नाही. पुढं मला कळायला लागलं तेव्हा बसायचं वय राहिलं नव्हतं, आणि मग तोही राहिला नाही. माझ्या पोराचं असं व्हायला नको, एवढा एकच घोर मला लागला. दुष्काळाचा नाही, पाण्याचा नाही. हा माणूस एक दिवस दारात येईल आणि पोर त्याला ओळखणार नाही, ह्याचा.

मग मी पोराला बाप शिकवायला घेतला. सकाळी अंघोळ घातली, काजळ-तीट झाली की त्याला कडेवर घेऊन खुंटीपाशी जायची. "बाबा कुठं? हे बघ बाबा." त्याचा हात धरून सदऱ्याला लावायची. बाहीनं त्याच्या गालाला गुदगुल्या करायची. सदऱ्याआड तोंड लपवून कुक् करायची आणि तो असा खिदळायचा की त्याला उचकी लागायची. बसायला लागला होता तोवर. पाठीला उशी लावून बसवला की कधी डावीकडं कलंडायचा, कधी उजवीकडं, पण डोळे खुंटीकडं.

आणि एका सकाळी मी चुलीपाशी बसूनच सहज म्हणाले, "बाबा कुठं रे?" तर त्यानं मान फिरवली, हात वर केला आणि सगळी बोटं पसरून सदऱ्याकडं दाखवलं. मी पुन्हा विचारलं, पुन्हा दाखवलं. मला इतका आनंद झाला की मी त्याला उचलून खोलीभर नाचले. चाचींना हाक मारून दाखवलं. त्यांनी पोराकडं बघितलं, सदऱ्याकडं बघितलं, तोंड उघडलं आणि काही न बोलता मिटलं. तेव्हाच काहीतरी बोलल्या असत्या तर! पण माझा चेहरा बघून त्यांना धीर झाला नसेल.

पुढं तो रांगायला लागला, पण उलटा. समोर सदरा दिसायचा, तिकडं जायचं असायचं, हात टेकून जोर लावायचा आणि सरकायचा मागं. सदरा लांब लांब जायचा आणि हा रडत रडत मागं जाऊन खाटेखाली अडकायचा. मी पाय धरून ओढून काढायची. पुन्हा तेच. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि पाणी आलंच आहे तर मग जरा वेळ तसंच येऊ द्यायची. कोण बघतंय?

पोर साधारण नऊ-दहा महिन्यांचं असेल. बोरिंगचे पाइप नेणाऱ्या एका ट्रकचा ड्रायव्हर बोळाच्या तोंडाशी उतरून निरोप देऊन गेला, की मिस्त्री परवा येतात, चार दिवसांची सुट्टी मिळालीय. मी घर सारवलं. डब्याच्या तळातले गहू काढून दळून आणले. पोराच्या अंगाला तेल लावून दोनदा अंघोळ घातली, त्यातलं दुसरं पाणी चाचींच्या घागरीतलं. दिवसभर घोकून घेतलं, बाबा कुठं, बाबा कुठं. हात बरोबर खुंटीकडं जात होता.

निरोप पाथर्डीकडंही गेला होता, हे मला माहीत नव्हतं. ह्यांच्या आधी एक एसटी माझे सासरे येऊन ओट्यावर बसले. मामंजी म्हणजे उंच, वाळलेला माणूस, मोठं पागोटं, मिशा पांढऱ्या. स्वभावानं गरीब. पण सासरा तो सासरा. मी पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि पाणी नेऊन ठेवलं. "पोराला बघावं म्हणलं," ते म्हणाले, "एकाच हेलपाट्यात ल्योकबी दिसंल आन नातूबी." नातवानं त्यांच्या मिशीत जो हात घातला तो सोडायलाच तयार नाही. अनोळखी माणूस, पण हा रडला नाही. माझ्या मनात आलं, चला, आता काळजी नाही.

मग हे आले. मी ओळखलं ते चालण्यावरून. नाहीतर तोंड उन्हानं काळं पडलेलं, दाढी वाढलेली, खाकी कपड्यांवर दगडाच्या पिठाचा थर, भुवयांत, पापण्यांतसुद्धा. वडलांच्या पाया पडले. माझ्याकडं एकदा बघितलं आणि लगेच खाली बघितलं. पोर मामंजींच्या मांडीवर होतं. ते ह्यांच्याकडं टक लावून बघत राहिलं, खालचा ओठ बाहेर आला, आणि मग त्यानं असा टाहो फोडला की चाची धावत दारात आल्या.

"अरं, अरं, कुणी मारलं तुला?" मामंजी त्याला उडवत म्हणाले. "बाबा आला न्हवं? कुठं हाय बाबा? दाव बरं, बाबा कुठं हाय?"

पोरानं हुंदका गिळला, मान वळवली आणि उघड्या दारातून आत, खुंटीकडं हात केला.

मग चाचींना राहवलं नाही. "लई वाळलाय रं तुझा बाप," त्या म्हणाल्या, "टांगून ठेवलाय पार!" मामंजी मोठ्यानं हसले. हेही हसले. मीही पदरात हसले म्हणायचं. पण ह्यांचं हसणं तोंडावर आलं तसं गेलं आणि ते पाय धुवायला मोरीकडं गेले. बराच वेळ धूत होते. पाणी तर तांब्याभरच ठेवलेलं होतं.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर आजच्या माणसांना पुढचं कळायचं नाही. आमच्यात तेव्हा वडीलधाऱ्यांसमोर बापानं स्वतःचं पोर उचलून घ्यायचं नाही अशी रीत होती. भावाचं घ्यावं, बहिणीचं घ्यावं, शेजाऱ्याचं खांद्यावर घेऊन गावभर मिरवावं. आपलं घेतलं तर लाज सोडली म्हणायचे. थोरल्या दिरांची सगळी पोरं ह्यांच्याच खांद्यावर वाढली होती. पण आता स्वतःचा मुलगा हातभर अंतरावर आणि मध्ये वडील बसलेले. नवराबायकोनं त्यांच्यासमोर बोलायचंही नाही. सगळं पोराच्या तोंडून. "बाळा, तुझ्या बाबांना म्हणावं जेवायला वाढलंय." "आईला सांग, कालवणात मीठ कमी हाय." ज्या पोराला बाप कोण ते माहीत नाही, तेच आमचा निरोप्या!

दोन दिवस असे गेले. खोली एक, ओटा एक. मामंजी नातवाला घेऊन बसायचे, त्याला नकटं नाक करून दाखवायला शिकवायचे, हे कोपऱ्यात बसून कंदील पुसायचे. पुसलेलाच कंदील पुन्हा पुसायचे. पोरगं रांगत, म्हणजे मागं सरकत सरकत चुकून त्यांच्या पायाला टेकलं तर ते श्वास रोखून बसायचे. मग पोर वळून बघायचं आणि किंचाळायचं. हे पाय आखडून घ्यायचे. मला माझ्या बापाचे कणगीशी ठेवलेले बत्तासे आठवायचे, आणि मी चुलीत फुंकर मारायची, धुरानं डोळे चोळायला कारण म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळीच मामंजी शिंगणापूरला देवाला जाऊन आले. दमून आले, ओट्यावर आडवे झाले. जेवले. आणि भर दुपारी, ऊन नुसतं भाजून काढत असताना, पुन्हा पागोटं बांधायला लागले.

"कुठं निघालात आण्णा?" हे म्हणाले.

"शिंगणापूरला."

"सकाळीच जाऊन आलात की."

"तेल व्हायाचं राहिलं," मामंजी म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, कुडाला सांगावं तसं म्हणाले, "सूनबाईला पान्याला जायचं आसंल. आज टँकर येनार म्हनत्यात. तवा पोराकडं कुनीतरी बघाया पायजे. तू बघ." मग ओट्यावर बसलेल्या चाचींकडं वळले. "बाई, तुमालाबी पानी भरायचं आसंल न्हवं?"

चाचींच्या दोन्ही घागरी सकाळीच भरलेल्या होत्या. मी बघितल्या होत्या. त्यांनी एकदा मामंजींकडं बघितलं, एकदा आत कोपऱ्यातल्या ह्यांच्याकडं, आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "व्हय की. ठणठणीत कोरड्या हायेत. चल गं पोरी."

मामंजी त्या उन्हात निघून गेले. चाचींनी घरात जाऊन एका घागरीतलं पाणी घंगाळात ओतलं आणि रिकामी घागर डोक्यावर घेतली. मी माझी कळशी घेतली. जाताना मागं बघितलं तर हे खोलीच्या मधोमध उभे, हात लोंबते, आणि पोर गोधडीवर बसून त्यांच्याकडं बघतंय, ओठ बाहेर काढून.

टँकर विहिरीत पाणी ओतायचा आणि आम्ही ते शेंदून घ्यायचो. त्या दिवशी टँकर उशिरा आला. आमच्या बोळातून रडण्याचा आवाज विहिरीपर्यंत ऐकू येत होता. माझ्या छातीतलं दूध त्या आवाजानं भरून यायला लागलं. मी दोनदा निघाले, चाचींनी दोन्ही वेळा माझा पदर धरला. "थांब की. तू गेलीस तर सपलं." मग आवाज बंद झाला. बंद झाल्यावर तर मला जास्तच भीती वाटायला लागली. एवढे महिने ह्या पोराची एकही गोष्ट माझ्या डोळ्यांआड झाली नव्हती, कुणी बघायला नव्हतं तरी मी होते. आणि आज जे व्हायचं ते आत होत होतं आणि मी बाहेर दोर धरून उभी.

भरली कळशी घेऊन बोळात आले तर आतून आवाज येत होता, फुर्रर्र, फुर्रर्र. आधी जाड, मग बारीक. मी दाराशी थांबले. हे बनियनवर, जमिनीवर पालथे पडलेले, हनुवटी गोधडीला टेकलेली. समोर पोर, तेही पालथं. हे ओठ हलवून इंजिन चालू करत होते. इंजिन फुरफुरायचं, बंद पडायचं, पुन्हा हँडल मारायचे, पुन्हा बंद. ते बंद पडलं की पोर स्वतःचे ओठ हलवून चालू करायचं. फुर्रर्र. सगळी थुंकी ह्यांच्या तोंडावर. हे पुसतही नव्हते. चाची माझ्या खांद्यावरून बघत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "गाडी लागली गं पान्याला," आणि आपल्या घरात गेल्या.

ह्यांनी मला बघितलं. उठले नाहीत. तसेच पडून म्हणाले, "आधी वाटलं सदरा घालावा. मग म्हणलं नको. सदऱ्याला वळखंल, मला कुठं?"

बोलता बोलता पोरानं त्यांचं कोपर धरलं, खांदा धरला, केस धरले आणि गुडघ्यांवर उभं राहिलं. ते आधी कधी राहिलं नव्हतं. मी ह्यांना सांगितलं नाही की हे पहिल्यांदाच झालंय. त्यांना वाटलं असेल, रोजच राहत असेल. त्यांनी त्याला काखेत धरून छातीवर घेतलं आणि डोळे मिटून तसेच पडून राहिले.

मामंजी दिवस मावळल्यावर आले. त्यांचे पाय पोळले होते. मी न विचारता गरम पाणी आणि मीठ नेऊन ठेवलं. तोवर पोर आजोबांसमोर ह्यांच्या पाठीवर चढलेलं होतं आणि ह्यांना ते उतरवता येईना. हे लाजून लाल. मामंजींनी पागोटं सोडलं, भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाले, "मला आता दिसत न्हाई नीट. वय झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गेले. मामंजींची पाथर्डीकडची एसटी आधी आली, ह्यांची नंतर. मी पोराला टाटा करायला शिकवलं होतं. त्यानं टाटा केला नाही. ह्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला तसं त्यानं दोन्ही हात पुढं केले, जाऊ म्हणून. गाडी सुटली तेव्हा त्याला वाटलं खेळ आहे. फुर्रर्र केलं. गाडीनं धूळ उडवली आणि वळणावर गेली. तो माझ्या तोंडाकडं बघायला लागला.

घरी आले, त्याला खाली ठेवला. सदरा तिथंच होता. हे विसरले की मुद्दाम ठेवून गेले, मी कधी विचारलं नाही. माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "बाबा कुठं?" त्यानं खुंटीकडं बघितलंसुद्धा नाही. दाराकडं बघितलं. मग हात टेकले आणि सरकला. पुढं सरकला. इतके दिवस मागं जाणारं पोर एकेक हात टाकत उंबऱ्यापर्यंत गेलं, उंबऱ्यावर हनुवटी टेकली आणि बोळाकडं बघत फुर्रर्र करत राहिलं. थांबायचं, ऐकायचं, पुन्हा करायचं. बोळात कोणी उत्तर दिलं नाही. संध्याकाळ झाली तसं त्यानं रडायला सुरुवात केली. पाजलं, घेतलं नाही. झोळीत घातलं, थांबेना. आजवर ते भुकेनं रडलं होतं, दातानं रडलं होतं, झोपेनं रडलं होतं. हे रडणं मला माहीत होतं, पण पोराचं म्हणून नाही.

भिंतीपलीकडून चाचींनी हाक मारली. "पोट दुखतंय का गं त्याचं? ओवा चावून फुंकर घाल."

"न्हाई चाची," मी म्हणाले, "त्याचा बाप कामावर गेलाय."

मी हेच मागितलं होतं. पोराला बाप कळावा. कळला. आता त्या खोलीत वाट बघणारी दोन माणसं झाली.

पलीकडून चाची म्हणाल्या, "मग रडू दे थोडं."

मी त्याला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसले आणि रडू दिलं.